न विकलेल्या मालाचा हिशेब

भागीदारी मोडायला माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक दिवाळीनंतर, कापसाचा पहिला पैसा हातात पडला की. ही दोघं मात्र मार्चात आली. जयंतीला जेमतेम महिना राहिला होता आणि पेढी जिनिंगची नव्हती, डीजेची होती.

मी सेलूत जमाखर्च लिहितो. जिनिंग, आडत, खत-बियाणं, एखादं मेडिकल अशा पेढ्यांच्या वह्या वर्षानुवर्षं सांभाळल्या. संगीतातलं मला काही कळत नाही. हलगी कडाडली की पाय हलतात, एवढंच. तरीही हे प्रकरण लिहून काढावं वाटलं, कारण त्यात मला आठ दिवस डॅफ्ट पंक नावाच्या, नाचाचं संगीत करणाऱ्या फ्रेंच जोडीचा अभ्यास करावा लागला. आणि तो मी गाणी ऐकून केला नाही, पेढीची वही वाचावी तसा केला.

दोघं मावसभाऊ. थोरला तिशीतला, अंगापिंडानं पिकअपसारखाच. धाकटा बारीक, कानावर कायम हेडफोन लटकवलेला. सात वर्षं एकत्र धंदा, कागद एकही नाही. मी यादी लिहायला घेतली. पिकअप आणि त्यावरचा लोखंडी सांगाडा, आठ बेस, सहा टॉप, चार अँप्लिफायर, मिक्सर, जनरेटर, दोन शार्पी लाइट, वायरींच्या दोन पेट्या. पिकअप थोरल्याच्या नावावर, तीन हप्ते थकलेले. लॅपटॉप धाकट्याचा.

"वाटून द्या काका," थोरला म्हणाला.

"काय काय?"

"समदंच."

धाकट्यानं गळ्यातला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. लाल दोऱ्यात ओवलेला, देवीच्या ताईतासारखा. "हे कसं वाटायचं तेवढं सांगा अगोदर."

त्यात एकशे चाळीस ट्रॅक होते. प्रत्येकाच्या सुरुवातीला एका मुलीच्या आवाजात जोडीचं नाव येतं आणि मग बेस पडतो. जालन्यापासून नांदेडपर्यंत दुसऱ्यांच्या गाड्यांवरही हे ट्रॅक वाजतात, म्हणजे फुकटात. वादाचं मूळ असं की पुण्याच्या एका म्युझिक कंपनीनं निरोप धाडला होता. सगळे ट्रॅक, चॅनेल आणि जोडीचं नाव द्या, दीड लाख एकरकमी घ्या. थोरल्याला हप्ते दिसत होते. धाकटा नाही म्हणत होता, पण का नाही ते त्याला सांगता येत नव्हतं. त्यानं फक्त लॅपटॉपचं झाकण माझ्याकडे वळवलं. त्यावर दोन हेल्मेटांचं स्टिकर होतं, एक चंदेरी, एक सोनेरी. "ह्यांनी इकलं नव्हतं," एवढंच म्हणाला.

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

शाळूसोबती

चंदेरी हेल्मेटवाला थॉमा बांगाल्तेर, सोनेरीवाला गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो. १९८७ साली पॅरिसमधल्या लिसे कार्नो या शाळेत दोघांची ओळख झाली. १९९२ मध्ये आणखी एका मित्राला घेऊन त्यांनी डार्लिन नावाचा गिटारचा बँड काढला. इंग्लंडच्या मेलडी मेकर साप्ताहिकातल्या समीक्षकानं त्याची खिल्ली उडवली, संगीताला खुळचट, पंकछाप धांगडधिंगा अशा अर्थाचे शब्द वापरले. बँड मोडला. तिसरा मित्र पुढे फिनिक्स या बँडमध्ये गेला. उरलेल्या दोघांनी त्या शिवीतलेच दोन शब्द उचलून पाटीवर लावले, डॅफ्ट पंक. आपल्याकडे लोकांनी पाडलेलं टोपणनाव पुढे आडनाव होऊन बसतं, तसंच.

१९९३ मध्ये युरोडिस्नेच्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्यांची गाठ स्कॉटलंडच्या सोमा या छोट्या संगीत कंपनीच्या माणसाशी पडली. १९९४ ला पहिली तबकडी निघाली, १९९५ ला 'दा फंक' आलं, आणि मोठ्या कंपन्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणजे दोघं ऐन विशीत असताना त्यांच्यापुढे अगदी माझ्या अशिलांसारखाच प्रसंग होता.

इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. बांगाल्तेरचे वडील, दानिएल वांगार्द, याच धंद्यातले. सत्तर-ऐंशीच्या दशकात डिस्को गाणी लिहायची आणि निर्माण करायची, हे त्यांचं काम. ओटावान हा गट त्यांचाच. आपल्या वरातींत चाळीस वर्षं वाजत आलेलं 'जिमी जिमी' ज्या चालीवर बेतलंय, ती ओटावानचीच. म्हणजे सेलू-मानवतच्या लग्नांत या घराण्याची वर्दी फार आधीच लागलेली आहे. सांगायचा मुद्दा हा की पोराला गाणं येत होतं आणि बापाला करारपत्र वाचता येत होतं.

त्या वयातल्या कुणीही केलं नसतं ते या दोघांनी १९९६ मध्ये व्हर्जिन कंपनीशी करार करताना केलं. गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्यांनी स्वतःच्या कंपनीकडे ठेवली आणि व्हर्जिनला ती वापरायचा परवाना दिला. आमच्या भाषेत, शेत बटईनं दिलं, खरेदीखत केलं नाही. पीक कंपनीनं काढावं, बाजारात न्यावं, त्यातला वाटा द्यावा, पण सातबारा आमच्या नावावर. पैसा कमी मिळाला तरी चालेल, हुकूम आपला चालला पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. जानेवारी १९९७ मध्ये आलेला 'होमवर्क' हा पहिला अल्बम बराचसा बांगाल्तेरच्या झोपायच्या खोलीत तयार झाला होता. स्टुडिओचं भाडं नाही म्हणून कंपनीकडून उचल नाही, आणि उचल नाही म्हणून मिंधेपण नाही. आडतीकडून उचल घेतलेला शेतकरी भाव ठरवू शकत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

तोंड

दुसरी न विकलेली वस्तू चेहरा. सुरुवातीला ते फोटोला उभे राहताना काहीतरी मुखवटे घालायचे. २००१ च्या 'डिस्कव्हरी' अल्बमपासून हेल्मेट आली. त्याची त्यांनी रचलेली दंतकथा अशी की ९ सप्टेंबर १९९९ ला स्टुडिओतल्या सॅम्पलरचा, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राचा स्फोट झाला, शुद्धीवर आलो तर आम्ही यंत्रमानव झालो होतो. थाप शुद्ध, पण हिशेबाला चोख. चेहरा माहीत नसल्यामुळे माणूस म्हातारा झालेला दिसत नाही, भाजी आणायला मोकळा जातो, आणि मंचावर जे उभं असतं ते पेढीचं असतं, कुणा एकाचं नसतं.

थोरल्याला हे ऐकवलं तर तो खो खो हसला. आमच्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर गाडीपेक्षा मोठं तोंड लागतं. तेही एकाचं लावलं की दुसऱ्याच्या घरी धुसफुस. या दोघांचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं होतं, हे मला मागाहून कळलं. गणपतीच्या फ्लेक्सवर धाकट्याचा फोटो कोपऱ्यात, गोल चौकटीत, शुभेच्छुकांसारखा छापला होता.

पडलेलं पीक

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते २००५ सालानं. मार्चमध्ये तिसरा अल्बम आला, 'ह्यूमन आफ्टर ऑल'. जेमतेम दीड-दोन महिन्यांत उरकलेला. समीक्षकांनी झोडपला. तेच तेच वाजतंय, जीव नाही, असं म्हणाले. आमच्या धंद्यात याला पीक पडणं म्हणतात, आणि पीक पडलं की माणूस दोनपैकी एक करतो. एकतर मिळेल त्या भावाला रान विकतो, नाहीतर दुप्पट पेरतो. यांनी दोन्ही केलं नाही. गप्प बसले. मग २९ एप्रिल २००६ ला कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात एका दिव्यांच्या पिरॅमिडच्या टोकावर हेल्मेट घालून उभे राहिले.

तिथे त्यांनी नवं गाणं एकही वाजवलं नाही. होती तीच गाणी एकमेकांत घातली. पहिल्या अल्बमचा ठेका, दुसऱ्याचा गळा आणि त्या पडेल तिसऱ्याचं नुसतं हाडूक. जे एकटं वाजताना कोरडं लागत होतं, तेच दुसऱ्याच्या खाली गेल्यावर भक्कम झालं. धाकट्यानं मला हे समजावलं ते टेबलावर बोटांनी. उजव्या हातानं लेझीमचा ठेका, डाव्या हातानं फक्त पहिल्या मात्रेवर एक ठोका. "नुसता डावा ऐका काका." ठक, ठक, ठक. कंटाळवाणं. "आता दोन्ही." खिडकीतून चहावाला पोरगा आत डोकावून बघायला लागला.

ही सरमिसळ करता आली, कारण तिन्ही वेळचा माल त्यांच्याच कोठारात होता. १९९६ मध्ये पहिला अल्बम विकून टाकला असता तर दहा वर्षांनी स्वतःचंच गाणं वाजवताना कुणाची तरी परवानगी मागत बसावं लागलं असतं. त्या दौऱ्यातलं पॅरिसचं, १४ जून २००७ चं वादन 'अलाइव्ह २००७' म्हणून निघालं आणि २००९ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. पडलेल्या पिकाचंच बी, असं मी वहीत लिहून ठेवलंय.

तारखाही त्यांनी अशाच जपून विकल्या. १९९३ ते २०२१ ही अठ्ठावीस वर्षं, त्यात स्टुडिओत केलेले अल्बम चार आणि मोठे दौरे दोनच, एक १९९७ चा आणि एक हा. आमची जोडी एका लग्नसराईत त्याहून जास्त सुपाऱ्या घेते. अर्थात लग्नाची तारीख चार वर्षांनी काढतो म्हणून नवरीच्या बापाला सांगता येत नाही.

मधला काळ भराभर सांगतो. २००७ मध्ये अमेरिकी रॅपर कान्ये वेस्टनं त्यांच्या एका गाण्याचा तुकडा घेऊन 'स्ट्राँगर' केलं. २०१० मध्ये त्यांनी 'ट्रॉन: लेगसी' या चित्रपटाला पंचाऐंशी वादकांचा ताफा घेऊन संगीत दिलं. माझ्या कामाचं त्यात एवढंच, की कान्येनं उचललेला तुकडा मुळात या दोघांनी एडविन बर्डसाँग या अमेरिकी वादकाच्या १९७९ च्या गाण्यातून उचललेला होता, आणि गीतकारांच्या यादीत बर्डसाँगचं नाव रीतसर आहे. फेरफार नोंदवहीसारखं. जमीन तीन हात फिरली, तिन्ही नोंदी जागेवर.

कापसाचं गाव

चौथा आणि शेवटचा अल्बम, 'रँडम ॲक्सेस मेमरीज', मे २०१३ चा. यंत्रावर मोठी झालेली माणसं यात यंत्र बाजूला सारून जुन्या जाणत्या वादकांना घेऊन बसली. गिटारवर नाइल रॉजर्स, एका गाण्यात डिस्कोचे पितामह जॉर्जो मोरोदर स्वतःची कहाणी सांगताहेत. खर्च दोघांनी स्वतःच्या खिशातून केला आणि तयार माल घेऊन कोलंबिया कंपनीकडे गेले.

आणि त्याचं जागतिक उद्घाटन कुठे? न्यूयॉर्क नाही, लंडन नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये वी वा नावाचं दोनेक हजार वस्तीचं गाव आहे, तिथल्या वार्षिक कृषी प्रदर्शनात, १७ मे २०१३ ला. ऑस्ट्रेलियाची कापसाची राजधानी म्हणून हे गाव ओळखलं जातं. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला. परभणी कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात, बियाण्यांच्या मंडपाशेजारी, जगातली सगळ्यात गाजलेली नाचाची तबकडी पहिल्यांदा वाजावी, असा तो प्रकार. ते दोघं स्वतः तिथे फिरकलेही नाहीत. तरी गाव जगभरच्या बातम्यांत आलं. जाहिरात म्हणून फुकटात पडली म्हणा, पण गमतीचा भाग हा की ज्याला कुणी विचारत नव्हतं त्या गावाला मान मिळाला आणि मिरवायला पेढीचं फक्त नाव पुरलं, तोंड लागलं नाही.

जानेवारी २०१४ मध्ये त्या अल्बमनं पाच ग्रॅमी नेले, त्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचाही. आता दौरा काढला असता तर पोत्यानं पैसा आला असता. काढला नाही. २०१६ मध्ये द वीकेंड या गायकासोबत 'स्टारबॉय' केलं, ते पुढच्या जानेवारीत अमेरिकेच्या यादीत पहिलं आलं, त्यांचं तिथलं एकमेव पहिलं. मग २२ फेब्रुवारी २०२१ ला आठेक मिनिटांची चित्रफीत आली. वाळवंटात दोन यंत्रमानव चालताहेत, एक थांबतो, पाठीवरचं बटण दाबायला सांगतो, दूर जातो आणि स्फोटात उडतो. शेवटी १९९३-२०२१. कारण दिलं नाही, एकमेकांवर आरोप नाहीत, कोर्ट नाही. भागीदारी मोडायची इतकी स्वच्छ नोटीस मी माझ्या कचेरीत पाहिलेली नाही. दृश्यसुद्धा नवं नव्हतं, २००६ च्या त्यांच्याच चित्रपटातलं होतं. निरोपालाही घरचाच माल.

थोरल्याचं म्हणणं

हे सगळं मी आठ दिवसांनी दोघांना सांगितलं. धाकट्याचे डोळे चमकत होते. थोरला शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "त्याच्या बापाकडं होतं काका. माह्याकडं पिकअपचा हप्ता हाय."

खरं सांगू का, यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. नाही म्हणायची ऐपत लागते, आणि ती गाण्यातून येत नाही. शिवाय बेसच्या भिंतीपुढे उभा राहून रात्री दहाला पोलिसांशी बोलणारा थोरलाच असतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्याला तोंडपाठ आहे. ती पाळणारी गाडी मराठवाड्यात एकही नाही, हेही त्याला पाठ आहे. फोटो कोपऱ्यात छापला म्हणून त्याला खलनायक ठरवणं सोपं होतं, पण वहीत तसं दिसत नव्हतं. सात वर्षांत लॅपटॉप दोनदा बदलला, दोन्ही वेळा पैसे गाडीच्या भाड्यातून गेले होते.

म्हणून मी यादीच्या मधोमध रेघ मारली. भाड्याचा धंदा वेगळा आणि ट्रॅकचा वेगळा. पिकअप, बेस, टॉप, जनरेटर थोरल्याचं. सुपारी त्याची, हप्ता त्याचा, पोलीसही त्याचेच. ट्रॅकची भागीदारी मात्र दोघांची, निम्मी-निम्मी. १९३२ च्या भागीदारी कायद्यात वेगळं काही ठरलं नसेल तर नफा सारखाच वाटायचा असतो, आणि यांचं कधी काही ठरलंच नव्हतं. धाकटा थोरल्याच्या गाडीवर वाजवेल तर रात्रीमागे मजुरी घेईल. पेढीची नोंदणीही करायला लावली. नोंदणी नसलेल्या पेढीला आपल्या करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, आणि पुण्याची कंपनी बाहेरचीच.

मग कंपनीचा मसुदा उघडला. त्यात सातव्या पानावर एक हमी होती. दिलेला सगळा माल आमचा स्वतःचा आहे, कुणी हक्क सांगितला तर भरपाई आम्ही देऊ. मी धाकट्याला विचारलं, एकशे चाळिसातले पूर्ण तुझे किती? त्यानं बसून मोजले. एकतीस. बाकीच्यांत कुणाचं तरी छापील गाणं खाली वाजतंय, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणच उचललेलं. त्याला मालकाची परवानगी लागते, आणि आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षं टिकतो. बर्डसाँगची नोंद होती तशी इथे एकही नोंद नव्हती. म्हणजे कंपनी दीड लाखात एकशे चाळीस ट्रॅक घेत होती आणि एकशे नऊ दाव्यांची जोखीम यांच्या अंगावर टाकत होती.

थोरला पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकला. "म्हंजे वाजलं ते आपलं नव्हतंच?"

"एकतीस आहेत."

आम्ही कंपनीला उलट पत्र लिहिलं. एकतीस ट्रॅक, तीन वर्षांचा परवाना, विक्री नाही. नाव आणि चॅनेल पेढीकडे. रक्कम निम्म्याहून खाली आली, साठ हजार. तीन हप्ते त्यात भागत होते, म्हणून थोरल्यानं मान हलवली.

स्टॅम्प पेपरवर कलम लिहिताना मी नेहमीप्रमाणे विचारत गेलो. नाव कुणाचं? दोघांचं, एकट्यानं वापरायचं नाही. चॅनेलचा पासवर्ड? दोघांकडे. सुरुवातीला जो आवाज येतो तो? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. तो आवाज थोरल्याच्या धाकट्या बहिणीचा होता. पाच वर्षांपूर्वी, बारावीत असताना, गोधडी डोक्यावर घेऊन मोबाइलवर बोललेला. तिला कुणी विचारलं नव्हतं, दिलंही काही नव्हतं. आता ती परभणीला नर्सिंग शिकते. मी सांगितलं, ज्याच्या गळ्यातून आलं त्याचाही हक्क असतो, कायदा त्याला पन्नास वर्षं देतो. डॅफ्ट पंकचं 'वन मोर टाइम' ज्यानं गायलं त्या रोमँथनीचं नावसुद्धा त्या दोघांच्या जोडीला गीतकार म्हणून आहे.

फोन स्पीकरवर लावला. थोरल्यानं जमेल तसं समजावलं. पलीकडे वॉर्डातली गडबड ऐकू येत होती. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "दादा, मी नांदेडला मैत्रिणीच्या लग्नात माझाच आवाज ऐकला होता. कुणाला सांगितलं तर खरं वाटेना."

"मग काय लिहायचं तुझं?" मी विचारलं.

"शेकडा दहा लिहा काका. आणि नवीन रेकॉर्ड करू द्या, तेव्हा मला सर्दी झाली होती."

कलम नऊ तसं लिहिलं. ती रविवारी सेलूला आली, सही केली, आणि पिकअपमध्ये काचा वर करून आवाज पुन्हा दिला. धाकट्यानं दोन्ही ऐकले आणि सर्दीचाच ठेवला.